पाटी नसलेलं गॅरेज, पुरातली मारुती आणि माझे चौसष्ट डबे

या गॅरेजला पाटी नाही, म्हणून आधी रस्ता सांगते. मिरजेहून पंढरपूरच्या रस्त्याला लागलात की जिथं गावाची गर्दी विरळ होते तिथं डाव्या हाताला मोठा कडुलिंब आहे. लिंबाखाली पत्र्याचं शेड, शेडपुढे इंजिन काढलेली एक ओम्नी आणि तिच्या टपावर वाळत घातलेल्या चिंध्या. तेच ते. मालकांना सगळे मामा म्हणतात, मीही म्हणते. एका वेळी दोनच गाड्या घेतात, अमावस्येला बंद, फोन उचलत नाहीत.

मी खानावळ चालवते. मिरज दवाखान्यांचं गाव, त्यामुळे डब्याला मरण नाही. शिकाऊ डॉक्टर, नर्सा, पेशंटबरोबर आलेली खेड्यापाड्यातली माणसं. रोज चौसष्ट डबे जातात. आधी स्कूटीवर तीन खेपा व्हायच्या आणि पावसाळ्यात आमटीत पाणी का पाण्यात आमटी असा प्रकार. म्हणून जानेवारी २०२३ मध्ये एका एजंटाकडून मारुती एट हंड्रेड घेतली. २००८ ची, पांढरी, एमएच १० पासिंग, ५८ हजार रुपये. "डॉक्टरांची गाडी आहे, एकच हात, दवाखाना ते घर एवढीच फिरलीय," असं एजंट म्हणाला. मिरजेत प्रत्येक जुनी गाडी डॉक्टरांचीच असते हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

गाडी म्हणून एट हंड्रेडच का, तर मला तिच्यात समजण्यासारखं काही वाटलं. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, चार गिअर, बारा इंची चाकं, २८ लिटरची टाकी. बोनेट उघडलं की मधून खालची जमीन दिसते, हात घालायला जागा आहे. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली गाडी रस्त्यावर आली, जानेवारी २०१४ मध्ये शेवटची बनली. बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी मिरजेच्या स्पेअरच्या दुकानात क्लच वायर मागितली तर पोरगं मान वर न करता काउंटरखालून काढून देतं. मागची सीट काढून टाकली आणि डब्यांच्या क्रेटा लावल्या. गाडीला आता कायमचा आमटीचा वास आहे.

तर पहिला बिघाड. एप्रिलचा महिना, साडेअकराची वेळ, रेल्वे फाटक बंद. मी रांगेत उभी आणि इंजिनच्या तापमानाचा काटा चढायला लागला. सी वरून निघालेला काटा एचला टेकला तशी मी गाडी बंद केली. फाटक उघडल्यावर सुरू केली, जरा पळवली, काटा आपोआप खाली आला. दुसऱ्या दिवशी तेच. सांगलीत एका मोठ्या, काचेच्या वर्कशॉपात नेली. तिथं कॉफी दिली, गाडीकडे पाच मिनिटं बघितलं आणि हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचं वरचं हेड आणि खालचा ठोकळा यांच्यामधलं पॅकिंग, गेलं असेल, हेड उतरवावं लागेल, १८ हजारांपर्यंत जाईल असं सांगितलं. "असेल" हा शब्द माझ्या कानात अडकला. अठरा हजारात माझं दोन महिन्यांचं तेल-डाळ येतं.

आमच्याकडे भाजी देणाऱ्या टेम्पोवाल्याने मामांचा पत्ता दिला.

मामांनी बोनेट उघडलं नाही. लिंबाखालच्या बाकावर मला बसवलं आणि विचारलं, "तापती कवा? हुबी असताना का पळताना?"

उभी असताना, म्हटलं.

"पाणी रोज घालाया लागतंय?"

नाही. आठवड्याने बघितलं तरी तेवढंच असतं.

"मग हेड कशाला उतरवताय?"

मग त्यांनी मला समजावलं, आणि ते मी इथं लिहिते कारण याच्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे. गाडी उभी असताना तापते आणि पळताना थंड होते, याचा अर्थ रेडिएटरला वारा मिळत नाही. पळताना वारा समोरून येतो, उभी असताना तो पंख्याने द्यायचा असतो. म्हणजे संशय पंख्यावर. उलट उभी असताना ठीक आणि महामार्गावर तापते, तर पाणी नीट फिरत नाहीये: रेडिएटर आतून चोंदलेला, थर्मोस्टॅट अडकलेला किंवा पाण्याचा पंप थकलेला. आणि पाणी सारखं कमी होतंय, तर ते कुठून तरी जातंय. खाली थेंब पडत नसतील तर आत जातंय, आणि तेव्हाच हेड गॅस्केटचं नाव काढायचं.

तरी त्यांनी गॅस्केटची परीक्षा घेतलीच. इंजिन गार असताना ऑइलचं झाकण उघडून आतून दाखवलं. पाणी ऑइलमध्ये गेलं की तिथं दुधाच्या चहावर धरते तशी पिवळट साय दिसते. माझ्या झाकणाला ती नव्हती. मग रेडिएटरचं झाकण काढून गाडी सुरू केली आणि मला आत बघायला सांगितलं. सारखे बुडबुडे येत राहिले तर सिलिंडरमधला दाब पाण्यात शिरतोय. सुरुवातीला दोन-चार आले, मग पाणी शांत. सायलेन्सरमागे हात धरला, पांढरा दाट धूर नाही. तिन्ही परीक्षा पास. खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं.

मग पंखा. त्याचा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, काढून पंखा दोन वायरींनी थेट बॅटरीला जोडला. पंखा भर्रकन फिरला, चिंध्या उडाल्या. म्हणजे मोटर चांगली. मामांनी तो काढलेला कपलर माझ्या तळहातावर ठेवला. आतल्या पिना हिरव्यागार. तांब्याच्या भांड्यात ताक ठेवलं की धरतो ना, तो कळंक. माझी पंखावायर कळकली होती! मी म्हटलं चिंच लावा. मामा हसले, "चिंचंनं आज निघंल, पर ती पीन खाऊन टाकती." स्प्रे मारून बारीक पॉलिश पेपरने घासलं, नवा कपलर घातला. दीडशे रुपये.

इथं माझं परीक्षण संपलं असतं. पण मामा त्या कपलरकडेच बघत होते. पंख्याच्या वायरीला एवढा कळंक का, हे त्यांना पटेना. त्यांनी ड्रायव्हरच्या बाजूचा सीट बेल्ट धरला आणि ओढत ओढत शेवटपर्यंत बाहेर काढला. रोज आपण बेल्ट हातभर ओढतो, उरलेला आत गुंडाळलेलाच राहतो. त्या आतल्या पट्ट्यावर एक तपकिरी रेघ होती, आणि रेघेच्या खालचा भाग गाळाने कडक झालेला.

"बगा ताई. कृष्णामाई कुठवर आलती."

ऑगस्ट २०१९ मध्ये आमच्याकडे काय झालं ते सांगली-मिरजेच्या माणसाला सांगायला नको. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. जुलै २०२१ मध्ये पुन्हा आलं. माझी गाडी त्यातल्या कुठल्या पुरातली हे गाळावरून ठरवता येत नाही, पण पुरातली हे नक्की. मग त्यांनी एकेक दाखवलं. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेले, जे कोरड्या गाडीत गंजत नाहीत. कार्पेट नवं, म्हणजे जुनं फेकलं. हेडलाइटच्या आत धुक्यासारखा डाग. डॅशबोर्डखाली हात घालून त्यांनी बोटावर माती काढून दाखवली, गुळगुळीत, काळी, आमच्या मळीच्या रानातली. एजंटाने गाडी धुतली होती, पॉलिश केली होती, वास घालवायला चंदनाची डबी ठेवली होती. बेल्ट ओढून बघायचा मात्र राहून गेला होता. माझाही.

मी रडकुंडीला आले. मामा म्हणाले गाडी टाकायची नाही, फक्त आता ही गाडी आजारी पडली की आधी पाण्याचं नाव घ्यायचं आणि मग वयाचं. ती एक गोष्ट पुढे दोन वर्षं कामाला आली.

त्याच आठवड्यात त्यांनी दोन दिवस गाडी ठेवून घेतली. हाताला लागेल तेवढा प्रत्येक कपलर उघडला, साफ केला. गिअरचं ऑइल काढलं तर ते ऑइल कसलं, मसाला ताक होतं. गिअर बॉक्सच्या श्वासाच्या नळीतून पाणी आत गेलेलं. ते बदललं, ब्रेक ऑइल बदललं. मागच्या ड्रममधला एक व्हील सिलिंडर पाझरत होता, तो टाकला. रेडिएटरमधून जे निघालं ते बघून मला माझ्याच बंबाची आठवण झाली: आमच्या बोअरच्या पाण्याचे क्षार. आधीच्या कुणीतरी वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलं होतं. आता कूलंट आणि बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी निम्मं निम्मं. आणि रेडिएटरचं झाकण नवं, कारण ते नुसतं झाकण नाही. त्याला स्प्रिंग आणि रबर असतं, ते आत दाब धरून ठेवतं आणि दाबाखाली पाणी उशिरा उकळतं. कुकर चालवणाऱ्या बाईला हे दोनदा सांगावं लागत नाही. रबर गेलेला कुकर कसा नुसता फुसफुसत राहतो? तसंच. आणि गरम असताना ते झाकण उघडायचं नाही हेही तसंच.

सगळ्याचे ६,४०० रुपये झाले. कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून दिले, सामानाची दुकानाची बिलं वेगळी, मजुरी वेगळी. जुने पार्ट पिशवीत घालून माझ्या हातात.

दुसरा बिघाड खरं तर माझ्या मूर्खपणाचा आहे. मामांकडे जायच्या आधीच, मार्चमध्ये, गाडी सकाळी सुरू व्हायची नाही. किल्ली फिरवली की नुसतं टक टक टक. मी तडक जाऊन ३,८०० ची नवी बॅटरी आणली. पंधरा दिवस चालली, पुन्हा टक टक. हे मामांना सांगितल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. त्यांची पद्धत अशी: हेडलाइट लावायचा आणि सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) मारायचा, आणि नजर समोरच्या भिंतीवर. उजेड एकदम मरतुकडा झाला तर बॅटरीत जीव नाही किंवा तिच्यापासून येणारी वायर नीट धरत नाही. उजेड तसाच लख्ख राहिला आणि सेल्फचा आवाजच नाही, तर बॅटरी बिचारी निर्दोष, दोष सेल्फकडे. माझा उजेड मरत होता. पण मीटर लावला तर बॅटरीवर १२.६, अगदी भरलेली. गाडी सुरू झाल्यावर १४ च्या आसपास, म्हणजे चार्जिंगही बरोबर. मग अडतंय कुठं? बॅटरीच्या काळ्या वायरीचं दुसरं टोक बॉडीला जिथं बोल्टने कसलेलं असतं, तिथं गंजाची पोळी झाली होती. पुन्हा कृष्णामाई. बोल्ट काढून पत्रा चकचकीत घासला, नवी अर्थिंगची वायर, वर ग्रीसचा हात. ३,८०० ची बॅटरी मी उगाच घेतली. जुनी बॅटरी भंगारात सातशेला दिली होती तेही आठवलं.

तिसऱ्याची गोष्ट मला सगळ्यात आवडते.

जुलैत गाडी थरथरायला लागली. उभी असताना स्टिअरिंग हातात कापायचं, चढावर ओढायची नाही. चार सिलिंडरमधलं एक रुसलं तर गाडी कशीबशी निभावते, पण तीनातलं एक गेलं म्हणजे तिवईचा एक पाय गेला. कोरड्या दिवशी बरी, पाऊस आला की बिघडायची. मामांनी प्लग, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी टाकणारे स्पार्क प्लग, काढले आणि वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. प्लग वाचणं भाकरी वाचण्यासारखं आहे हे मला त्या दिवशी कळलं. टोक खरपूस, बदामी तपकिरी असेल तर आच बरोबर. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. ओला, तेलकट काळा म्हणजे ऑइल आत येतंय. पांढराफटक म्हणजे जास्त तापतंय. माझे दोन बदामी आणि तिसरा ओला, पण तेलाने नाही, न जळलेल्या पेट्रोलने. म्हणजे तिथं ठिणगीच पोचत नव्हती.

"रात्री या," मामा म्हणाले.

रात्री आठ वाजता मी आणि माझी मुलगी गेलो. शेडमधला दिवा बंद केला. बाहेर टपटप पाऊस. गाडी सुरू केली, बोनेट वर, आणि त्यांच्या पोऱ्याने कपड्याला इस्त्री करताना मारतात त्या बाटलीने प्लगच्या वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारला. एका वायरीवरून निळी ठिणगी टिचकी मारत इंजिनच्या लोखंडावर उडत होती. काजव्यासारखी. वायरीच्या रबराला केसासारखी चीर होती, दिवसाउजेडी कुणालाच दिसली नसती. माझी मुलगी टाळ्या वाजवायला लागली. दुसऱ्या दिवशी तिन्ही वायरी बदलल्या, प्लगही नवे घातले, ११०० रुपये. (चालू गाडीत त्या वायरींना हात लावायचा नाही. मामांनी मुलीला दोन हात लांब उभं केलं होतं.)

आता त्यांनी न केलेलं काम सांगते, कारण माझ्या हिशोबात त्याला जास्त मार्क आहेत. सकाळी पहिल्यांदा सुरू केली की मागून निळसर धूर यायचा, अर्ध्या मिनिटात बंद. मला वाटलं इंजिन गेलं. मामांनी विचारलं चढावर येतो का? नाही. लांबच्या उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून परत पाय दिला तर येतो? थोडासा. हजार किलोमीटरला ऑइल किती लागतं? मी वहीत लिहिते, जवळजवळ पाव लिटर. "व्हॉल्व्हची सील म्हातारी झाल्याती. रातभर थेंब थेंब ऑइल आत उतरतंय, सकाळी जळतंय. रिंगा गेल्या असत्या तर दिसभर धूर मारला असता." मग करूया का काम? "कशाला? पाव लिटर ऑइलला शंभर रुपयं. काम करायला पाच हजार. तुमची गाडी पन्नास हजार किलोमीटर पळल्यावर ते पैसं वसूल. तवर ही टिकती का मी टिकतो बगू." दर रविवारी दांडी काढून ऑइल बघायचं एवढंच सांगितलं. मी बघते. पोळ्यांच्या कणकेइतकीच ती सवय झालीय.

बाकीची कामं झटपट सांगते. वळताना पुढच्या चाकातून टक-टक-टक असा मोजून आवाज यायचा, तो ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट. त्याचं रबरी बूट फाटलं की ग्रीस उडून जातं, धूळ आत जाते आणि जॉइंट खातो. चाकाच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले तर लगेच बूट बदला, ते काही शेकड्यांत होतं. मी आवाज येईपर्यंत थांबले म्हणून मला हजारांत पडलं. स्पीडब्रेकरवर धाडधाड म्हणजे लोअर आर्मचे बुश. गिअर पडेना तेव्हा मी क्लच प्लेट गृहीत धरली होती, ती निघाली नुसती ताणलेली क्लच वायर. गेल्या वर्षी पेट्रोलचा वास यायला लागला तेव्हा पेट्रोलच्या रबरी नळ्या बदलल्या. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल येतं, आणि इतकी वर्षं झालेलं रबर त्याच्यापुढे टिकत नाही असं मामांचं म्हणणं. इथेनॉल आमच्याच भागातल्या उसाचं, त्यामुळे तक्रार करायची सोय नाही. पेट्रोलचा वास आला तर मात्र उद्यावर टाकू नका, त्याच दिवशी दाखवा.

पंधरा वर्षं भरली म्हणून २०२३ मध्ये फेरपासिंग करावं लागलं. पाच हजार फी, वर ग्रीन टॅक्स. त्याआधी मामांनी गाडी भिंतीसमोर उभी करून हेडलाइट सरळ केले, हँडब्रेक आवळला, धुराचं सर्टिफिकेट काढायच्या आधी एअर फिल्टर बदलला. एका फेरीत पास झाली. आता २०२८ पर्यंत चिंता नाही.

एवढं कौतुक वाचून तुम्ही उद्या गाडी घेऊन जाल, म्हणून दुसरी बाजूही ऐका.

मामा एकदा साफ चुकले. २०२४ च्या मे महिन्यात गाडी भर रस्त्यात बंद पडायची. पंचवीस-तीस मिनिटं चालली, इंजिन चांगलं तापलं की गपकन बंद. वीस मिनिटं थांबलं की जणू काही झालंच नाही अशी सुरू. मामांनी पेट्रोलच्या पंपावर बोट ठेवलं, २,२०० चा नवा पंप टाकला. चार दिवसांनी मी कुपवाडच्या रस्त्यावर पुन्हा उन्हात, मागे चौसष्ट डबे, फोनवर उपाशी डॉक्टर. शेवटी सांगलीत एका गाड्यांच्या इलेक्ट्रिशियनकडे स्कॅनर (गाडीला जोडून बिघाडाचा कोड वाचणारं यंत्र) लावला तेव्हा कळलं, इंजिनला ठिणगीची वेळ सांगणारा सेन्सर तापल्यावर बोलायचा बंद होत होता आणि गार झाला की परत बोलायला लागायचा. मामांकडे स्कॅनर नाही, घ्यायचीही इच्छा नाही. हाताने, कानाने, नाकाने जे कळतं त्यात त्यांचा हात धरणारा नाही, पण डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला असेल तर आधी स्कॅनरवाल्याकडे जा आणि तिथून कोड लिहून घेऊन मामांकडे या. त्यांनी चूक कबूल केली, पंपाची मजुरी परत दिली. पंप मात्र दुकानदाराने परत घेतला नाही, तो माझ्या गाडीत आहे, नवाकोरा.

दुसरं, वेळ. "संध्याकाळी देतो" म्हणजे कुठली संध्याकाळ हे विचारायचं. गणपतीच्या दिवसांत क्लच प्लेटच्या कामाला (या वेळी खरोखर प्लेटच होती) नऊ दिवस लागले. पोऱ्या गावाला, मामा मंडळात. नऊ दिवस रिक्षाचं भाडं मोजलं, ते क्लच प्लेटपेक्षा जास्त झालं. मी चिडले, बोलले. त्यांनी चहा मागवला. त्यांचं सगळ्या तक्रारींवर तेच उत्तर.

बसायला एक बाक, त्याचाही एक पाय विटेवर. बायकांसाठी कसलीच सोय नाही. एसीचं काम करत नाहीत, पेंटिंग-डेंटिंग नाही, डिझेल गाडीला हात लावत नाहीत. ऑनलाइन पैसे घेतात, पण कोड पोऱ्याच्या मोबाइलवर आणि पोऱ्या जेवायला गेला असेल तर रोख.

आणि एक खटकलेली गोष्ट. माझ्याबरोबर माझे दीर आले की मामा सगळं त्यांना सांगायला लागतात, गाडी चालवते मी आणि वही लिहिते मी. दिरांना प्लग आणि प्लगचं पिन यातला फरक कळत नाही. एकदा मी मध्येच म्हटलं, "मामा, ऑइल रविवारी कोण बघतं ते विचारा." तेव्हापासून मान माझ्याकडे वळते.

पैशाचं शेवटचं सांगून टाकते, लोक तेच विचारतात. अडीच वर्षांत डागडुजीला, टायर आणि ती फुकटची बॅटरी धरून, ४३ हजार गेले. गाडी ५८ ची. आकडा मोठा वाटतो, मलाही वाटला. पण त्यातले मामांच्या हाताखाली गेलेले पैसे वेगळे काढले तर त्यांच्या मजुरीचे साडेनऊ हजारच निघतात. बाकी सामान, टायर आणि माझी घाई. काचेच्या वर्कशॉपात पहिल्याच दिवशी हेड उतरवलं असतं तर अठरा तिथंच गेले असते आणि पंखा तरीही फिरला नसता.

मामांकडे जायचं तर सकाळी नऊच्या आत जा, लिंबाच्या सावलीत तेव्हा जागा असते. गाडीला काय झालंय ते सांगू नका, काय होतंय ते सांगा: कधी होतं, गार असताना का तापल्यावर, उभी असताना का पळताना, पावसात का उन्हात. लिहून नेलंत तर मामा खूश होतात. "हेड गॅस्केट गेलंय" असं सांगत गेलात तर मात्र बाकावर बराच वेळ बसावं लागेल.

पाचपैकी चार तारे. एक तारा त्या नऊ दिवसांचा.

सध्या मागच्या डाव्या चाकातून घूं असा आवाज येतोय, वेग वाढला की वाढतो. बेअरिंग असणार, पाणी तिथंही गेलंच असेल. मामांनी हाताने चाक फिरवून बघितलं, मान हलवली आणि अमावस्येनंतर या म्हणाले. त्या दिवसासाठी रिक्षा सांगून ठेवलीय.